मोठ्यानं केलेली प्रार्थना

प्रार्थनासभेच्या खोलीत अठरा खुर्च्या होत्या. तीन रिकाम्या, एकीवर चहाचा थर्मास, उरलेल्या चौदांवर बायका. धाकटीनं हे नंतर मोजलं. बुधवारी पाच वाजता जी गोष्ट दोघींना माहीत होती, ती सहाच्या आत चौदाजणींना माहीत झाली होती.

गोष्ट धाकटीच्या उजव्या कानाची होती. वर्षभर तो हळूहळू जात होता. चर्चमध्ये ती एकोणीस वर्षं ऑर्गन वाजवत होती आणि तिथं गीतांचे क्रमांक पाटीवर लावायची रीत नव्हती. पाळक व्यासपीठावरून आकडा सांगत, धाकटी लगेच पहिली ओळ वाजवी. व्यासपीठ नेमकं तिच्या उजव्या हाताला. तिनं हे फक्त ताईला सांगितलं. गीतं निवडायचं काम ताईचंच, त्यामुळे ती दर शनिवारी आकड्यांची चिठ्ठी आणून देऊ लागली. आठ महिने कुणाला पत्ता लागला नाही.

त्या बुधवारी सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना ताई म्हणाली, "प्रभो, माझ्या बहिणीच्या उजव्या कानाला हात लाव. तिला पाळकांचं बोलणं ऐकू येत नाही, तरी बिचारी कुणाला कळू न देता तुझी सेवा करते."

आमेन म्हणायला बाराजणी होत्या. धाकटीचे ओठ हलले नाहीत.

थर्मासवाल्या काकू डावीकडे येऊन ओरडल्या, "चहा घेणार का गं?"

"हळू बोला, काकू. हा कान ठणठणीत आहे."

जिन्यात तिनं ताईला गाठलं. "हे काय केलंस?"

"काय केलं? प्रार्थना केली. शिवी तर नाही दिली?"

"एवढ्या बायकांसमोर?"

"मी देवाशी बोलत होते."

"त्याचे कान शाबूत आहेत, ताई. त्याला सांगायला एवढा आवाज लागत नाही."

ताई कठड्यावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आठ महिने चोरासारख्या चिठ्ठ्या पोचवल्या मी. माझ्या जिवाला काय घोर होता, तुला काय कळणार!"

"मग मला सांगायचंस. मी स्वतः जाऊन सांगितलं असतं."

मागच्याच महिन्यात पाळकांनी जिभेवर उपदेश केला होता. उगाच बोललेल्या शब्दाचाही एक दिवस जाब द्यावा लागेल, असं ते म्हणाले तेव्हा ताईनं ते वहीत लिहून खाली रेघ ओढली होती. धाकटी शेजारीच होती, तिनं पाहिलं होतं.

गुरुवारी पाळक घरी आले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. "लोक काहीबाही बोलतात. मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. खरं आहे का?"

"नाही" म्हणणं सोपं होतं. पण आपलं होय ते होय असावं, हे धाकटीनं सहाव्या वर्षी पाठ केलं होतं. पाठ करून घेणारी ताईच होती.

"होय," ती म्हणाली. "पण वाजवता येतं मला."

पाळकांनी जरा विचार केला. "शनिवारी दहा वाजता या. मी नेहमीच्या आवाजात दहा आकडे सांगेन. आठ बरोबर आले, तर जागा तुमचीच. नाही तर दुसरं कुणी बघावं लागेल."

शनिवारी ताई चर्चच्या दारातच उभी होती. रात्रभर रडल्यासारखे डोळे. "ऐक, मी गायकांच्या जागी उभी राहते. बोटांनी आकडे दाखवीन. आरशात दिसेल तुला. कुणाला कळायचं नाही."

"तुझ्या तोंडावर भरवसा ठेवला, तेवढा पुरे झाला. आता बोटं नकोत."

ऑर्गनवर एक छोटा आरसा होता. वाजवणाऱ्याची पाठ गायकांकडे असते, म्हणून लावलेला. धाकटी बसली तेव्हा त्यात ताई दिसली. हात छातीशी, बोटं तयार. पाळक व्यासपीठावर चढत होते, त्यांचं लक्ष पायऱ्यांकडे होतं.

धाकटीनं आरसा भिंतीकडे फिरवला आणि हात पट्ट्यांवर ठेवले.

पाळकांनी पहिला आकडा सांगितला. तिनं वाजवलं. मग दुसरा. तिसऱ्याला ती जरा थांबली, मग वाजवलं. सगळं मिळून अकरा मिनिटं लागली.

दहापैकी सात बरोबर आले.