तेलपाण्याची साक्ष

आपले बाबा समुद्र साफ ठेवायचं काम करतात, हे अस्मिताला लहानपणापासून ठाऊक होतं. दशरथनेच तसं सांगितलं होतं आणि ते खोटं नव्हतं, निदान कागदावर तरी. माहुलच्या खाडीत तो एका बार्जवर सारंग होता, म्हणजे बार्जवरच्या चार माणसांचा म्होरक्या. बंदरात जहाज लागलं की इंजिनाच्या तळाशी साचलेलं तेलकट पाणी उपसून बार्जमध्ये घ्यायचं आणि किनाऱ्यावरच्या कारखान्यात नेऊन द्यायचं. एकवीस वर्षं त्याने हेच केलं. मुलुंडच्या त्यांच्या सोसायटीत निवृत्त बँकवाल्यांना सगळे साहेब म्हणत, पण दशरथला अजूनही कोणी सारंग म्हटलं की बरं वाटे.

मुलगी शिकली, अंधेरीच्या एका सल्लागार कंपनीत लागली आणि योगायोग असा की तिच्या टेबलावर नेमकं तेच तेलपाणी येऊन पडलं. आसामातून बांगलादेशात उतरणाऱ्या नद्यांवर मालवाहू बोटी वाढल्या होत्या. त्यांचं तेलपाणी काढायचा खर्च कोणी सोसायचा, याचा अहवाल तिला लिहायचा होता. वाटा दोन होत्या. एक, जी बोट जितकं तेलपाणी धक्क्यावर देईल तितके पैसे तिने तिथेच भरायचे आणि पावती घ्यायची. दुसरी, डिझेल भरतानाच लिटरमागे थोडे पैसे कापायचे, त्यातून दोन्ही देशांचा मिळून एक निधी करायचा आणि मग तेलपाणी कुठल्याही धक्क्यावर फुकट घ्यायचं.

तिचे साहेब श्यामसुंदर पहिल्या वाटेचे. ज्याची घाण त्याचा खर्च, हिशोब सोपा. बोटमालकांनाही तेच हवं होतं. अस्मितालाही ते पटलं, कारण तिच्या घरातच त्याचा दाखला होता.

"बाबा, शुक्रवारी ऑफिसात या ना," ती म्हणाली. "मीटिंगला दोन्हीकडचे लोक ऑनलाइन असतील. आपल्या बंदरात पावतीवर सगळं कसं शिस्तीत चालायचं, एवढंच सांगा. मी तुमचं नाव देऊन टाकलंय."

दशरथची दाढ त्याच दिवशी दुखायला लागली. दुसऱ्या दिवशी गुडघा धरला. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, आणि ही मूठ तर त्याने सत्तावीस वर्षं झाकून ठेवली होती. आता म्हातारपणी ती पोरीसमोर उघडायची, तीही तिच्या साहेबाच्या देखत? जे शहाणपण पन्नाशीत सुचत नाही ते सत्तरीत दाढेसारखं दुखतं, एवढंच.

गुरुवारी सकाळी अस्मिताने जेवणाच्या टेबलावर नदीचे फोटो पसरले. त्यातल्या एका फोटोत एक बाई बोटीच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर कळशी भरत होती. दशरथने चष्मा पुसून तो पुन्हा पाहिला.

"ह्या पाणी पितत गो लोक?"

"पितात, रांधतात, आंघोळी करतात. नदी आहे बाबा ती."

माहुलच्या खाडीचं पाणी कोणी पीत नव्हतं. एवढ्या एका गोष्टीवर त्याने इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली होती. त्या दुपारी त्याची दाढ दुखायची थांबली.

शुक्रवारी पडद्यावर नऊ चेहरे होते. श्यामसुंदरांनी आदराने ओळख करून दिली आणि दशरथने घसा साफ केला.

"पावतीचा काम सोपा नाय, खोटा आसा," तो म्हणाला. मग जरा थांबून, जमेल तितकं सगळ्यांना कळेल असं बोलू लागला. "जहाजवाला टनावर पैसे मोजायचा. त्याला पैसे वाचवायचे असायचे. त्याला हवी असायची फक्त पावती. आम्ही चार टन घ्यायचो, दहाची पावती द्यायचो. उरलेलं तो भर समुद्रात सोडायचा. आणि आम्ही घेतलेले चार? कारखानापण आमच्या शेठकडून, म्हणजे बार्जच्या मालकाकडून, टनावर पैसे घ्यायचा. शेठ म्हणायचा, ओहोटी बघ आणि व्हॉल्व्ह उघड. मी उघडायचो, सगळं खाडीत. कुंपणच शेत खात होतं साहेब, आणि त्या कुंपणाचा सारंग मी होतो."

अस्मिताने पेन खाली ठेवलं.

"आमच्या सोसायटीत कचऱ्याचे पैसे मेंटेनन्समध्येच जातात," दशरथ पुढे म्हणाला. "म्हणून सगळे मुकाट्याने डबा दारात ठेवतात. उद्या पिशवीमागे पाच रुपये लावा. आठवड्यात मागचा नाला भरेल, आणि चांगल्या घरातली माणसं भरतील. घाण देताना पैसे घेतले की घाण वाटेतच सुटते. पैसे आधी घ्या. डिझेलवरच घ्या. मग पाण्यात सोडून कोणाचा फायदाच राहत नाय."

ढाक्याहून एका बाईंनी विचारलं, हे तुमच्या नावानिशी लिहिलं तर चालेल का. दशरथ म्हणाला, लिहा. श्यामसुंदरांनी पहिल्या वाटेचा कागद फाईलमध्ये सरकवला आणि दुसरीचे आकडे कधी मिळतील ते विचारलं.

बाहेर पडल्यावर अस्मिता त्याला स्टेशनजवळच्या उडप्याकडे घेऊन गेली. तिने दोन चहा मागवले. मग तिचे डोळे भरून आले.

"मला राग यायला हवा," ती म्हणाली. "पण खरं सांगू? इतक्या लोकांसमोर हे बोलायला किती हिंमत लागते. मला अभिमान वाटतो तुमचा."

दशरथ इथे थांबला असता तर चाललं असतं. कोणाला काही कळलं नसतं. उलट गेलेली इज्जत व्याजासकट परत आली होती. पण अर्ध्या खऱ्यावर मिळालेला तो अभिमान त्याला गिळवेना. समोरचा चहा त्याने तसाच ठेवला.

"अजून एक आसा गो," तो म्हणाला. "ता मी तिथे नाय सांगितलंय."

अठ्ठ्याण्णव साली माहुलचा हिराजी कोळी टोपली घेऊन बार्जवर आला होता. टोपलीतल्या माशांना तेलाचा वास, जाळं काळंकुट्ट. कुठल्या जहाजाने हे केलं ते शोधा, तो म्हणाला, तुम्ही तेल उचलणारी माणसं, तुम्हालाच कळणार. त्याला लिहिता येत नव्हतं. दशरथचं अक्षर चांगलं. त्याने बार्जवरच बसून हिराजीच्या नावाने तक्रारीचा अर्ज लिहून दिला, कुणा अज्ञात जहाजाविरुद्ध, चांगला दोन पानी. व्हॉल्व्ह त्याने आदल्याच दिवशी उघडला होता. हिराजी तो अर्ज घेऊन दोन वर्षं या कचेरीतून त्या कचेरीत फिरला. मग त्याने होडी विकली.

"पण अर्ज लिहिल्यावर चार दिवसांनी तो परत इलो," दशरथ म्हणाला. "लांब जाऊन चांगले बोंबील आणले होते त्याने. माझ्यासाठी. उपकार केले म्हणून."

"ते मासे..." अस्मिता म्हणाली.

"खाल्ले आपण. तू दोनदा मागून घेतलेस."

अस्मिताने हात मांडीवर घेतले. शेजारच्या टेबलावर कोणीतरी बिल मागत होतं.

"ते काका आहेत अजून?" तिने विचारलं.

"आसत. लेकाकडे, माहुललाच. डोळ्यांनी कमी दिसता आता."

"त्यांना माहीत आहे?"

"नाय."

"उद्या सांगा त्यांना. अहवालात वाचून कळायच्या आधी, तुमच्या तोंडून."

"तू येशील?"

तिने पर्स उचलली आणि बिलावर पैसे ठेवले.

"नाही," ती म्हणाली. "हे तुम्ही एकटे जाऊन सांगा."