तिच्या वाटणीचा प्याला

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजनाचे प्याले माझी बायको भरते. अंगठ्याएवढे काचेचे प्याले, लाकडी तबकात नीट बसवलेले. विधी आटोपला की मागच्या खोलीत ती ते धुते, पुसते आणि उरलेला द्राक्षारस दाराबाहेर मातीत ओतते. तो मोरीत टाकायचा नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. मनात कोणाबद्दल अढी असेल त्याने प्याला न घेता पुढे सरकवावा, असं पाळकसाहेब दर वेळी बजावतात. पण कोणी सरकवताना दिसलं की आठवडाभर त्याचीच चर्चा, म्हणून सगळे निमूटपणे पितात. वाढणाऱ्यांनी आपला घोट शेवटी, मागच्या खोलीत घ्यायचा. तिथे बघायला कोण जातंय? मी तर नाहीच. मी शिंपी माणूस, उपदेश चालू असताना पुढच्या बाकावरच्या कोटांची शिवण बघत बसतो.

माझ्या बायकोची थोरली बहीण नर्स होती. सगळं गाव तिला सिस्टर म्हणे, आम्ही ताई. आमची छकुली तापाने फणफणली होती तेव्हा बायको रात्र रात्र जागून पार थकली होती. ताई म्हणाली, "तू पड जरा, मी बसते." मी दुकानात होतो. मग वॉर्डात माणूस कमी आहे, असा ताईला निरोप आला. साधाच ताप आहे, झोपेल आता, असं म्हणून ती निघून गेली. बहिणीला उठवलंही नाही. बायकोला जाग आली तेव्हा पोर थंड पडली होती.

त्यानंतर ताईने लग्न केलं नाही. लोकांच्या जखमा धुतल्या, कोणी हात लावेना अशा रोग्यांना भरवलं. देवाने मला क्षमा केली आहे, असं ती शांतपणे सांगायची, आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माझ्या पोरीच्या बाबतीत देवाने परस्पर क्षमा करून टाकली, मला विचारलंसुद्धा नाही! पण राग टिकवायलाही अंगात जोर लागतो. माझा जोर मशीनवरच संपला. एक दिवस पाहिलं तर राग नव्हता, नुसतं दुःख होतं.

ताईच्या पोटात गाठ निघाली, डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा बायकोच जाऊन तिला घरी घेऊन आली. सेवा म्हणाल तर दृष्ट लागावी अशी. अंग पुसणं, चादर बदलणं, चमच्याने पेज भरवणं. पाठीला एक फोड येऊ दिला नाही. फक्त कामापलीकडे शब्द नाही. ताई विचारायची, "मला माफ केलंस का गं?"

"कूस बदल," बायको म्हणायची.

पाळकसाहेब छोटी पेटी घेऊन घरी प्रभुभोजन द्यायला आले, त्या संध्याकाळची गोष्ट. त्यांनी खाटेजवळच्या स्टुलावर पांढरं फडकं पसरलं आणि तीन प्याले भरले. बायको चटकन उठली. "दूध उतू जाईल," म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

शेगडीवर दूध नव्हतं. मीच मघाशी शेगडी विझवली होती.

ताईने दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "ती घेतच नाही, होय ना? छकुली गेल्यापासून."

मातीत ओतला जाणारा तिच्या वाटणीचा घोट माझ्या डोळ्यांसमोर आला आणि माझंच मन मला खाऊ लागलं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून मला पत्ता नव्हता.

पाळकसाहेबांनी प्याला पुढे केला. ताईने तोंड फिरवलं.

"अहो, देवाची क्षमा बहिणीवर अवलंबून नसते," ते म्हणाले.

"ते मला ठाऊक आहे, पाळकसाहेब. त्याने मला केव्हाच पदरात घेतलं. पण माझ्यामुळे ती त्याच्या ताटावरून उठली आहे. तिला उपाशी ठेवून मी कशी जेवू?"

सकाळी परत येतो म्हणून पाळकसाहेब गेले. ताईकडे तेवढा वेळ आहे का, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

बायको ओट्याशी उभी होती. मी म्हटलं, "अगं, सोडून दे आता. ती चालली."

"तुम्हाला सोपं आहे," ती म्हणाली. "छकुलीचं माझ्याकडे दुसरं काय आहे? एक फ्रॉक होता, तोही विरला. हा राग तेवढा उरलाय. तो सोडला तर ती पोर सगळीच जाईल हो."

मी कपाळ भिंतीला टेकवून उभा राहिलो.

सकाळी ताईचा श्वास अडकत होता. बायकोने तिचं तोंड पुसलं, केस विंचरले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "त्या दिवशी तू निघालीस तेव्हा ती झोपली होती का?"

ताईने डोळे मिटले. "नाही. जागी होती. माझी बाही घट्ट धरली होती तिने. मी एकेक बोट सोडवलं आणि गेले."

मला वाटलं, आता बायको तिचा गळाच धरेल. ती उठून मागच्या दारात गेली. पाळकसाहेब आले, त्यांनी फडकं पसरलं, तरी ती तिथेच. मग "बाही धरली होती पोरीने," असं स्वतःशीच पुटपुटत आत आली, खुर्ची ओढून खाटेला खेटून बसली आणि तिने हात पुढे केला.

प्याला हातात आल्यावर तिने आधी ताईच्या ओठांना लावला. ताईला गिळता येईना. बायकोने फडक्याचं टोक त्यात बुडवून तिचे ओठ ओले केले, आणि उरलेला घोट स्वतः प्यायली.

"ताई, घेतला गं मी. बघ. आपण दोघींनी घेतला."

ताईला ऐकू गेलं की नाही, देव जाणे. तिने चाचपडत बायकोची बाही धरली. दुपारच्या आत ती गेली.

मंडळीतल्या बायका अंघोळ घालायला आल्या. एकीने बाही धरलेली ताईची मूठ उघडायला घेतली, तशी बायको ओरडली, "तिची बोटं सोडवू नका!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, कात्री आणा."

ती बाही मीच शिवली होती. खांद्यापासून कापून मोकळी केली. आयुष्यभर कापड कापतोय, पण त्या दिवशी काप वाकडा गेला. बायकोने उघड्या हाताने ताईची मूठ झाकली आणि छकुलीच्या वेळी जे रडायचं राहिलं होतं, ते ती आता रडली.