पाचरीएवढी जागा

रंगनाथअण्णांचा उजवा हात गेला तो वस्तरा हातात असतानाच. गालाला साबण लावून आरशापुढे बसले होते, आणि बोटं एकाएकी परक्याची झाली. वस्तरा फरशीवर आपटला. पात्याला काही झालं नाही, पण ज्या दोन शिंगाच्या पट्ट्यांमध्ये ते मिटतं, ती मूठ दुभंगली.

नांदगावात उभा जन्म गावाच्या दाढ्या केलेला माणूस. त्या दिवसापासून स्वतःच्या गालाला कुणाला हात लावू देईना. लेकीने, तेजस्विनीने, त्यांना इंदिरानगरला आपल्या घरी आणलं. खालच्या गाळ्यात तिचं ब्युटी पार्लर, केसांची कामं तिला रोजचीच. पण अण्णांचं एकच पालुपद. वापरून फेकायच्या पात्याने दाढी करायची नाही, आणि माझा वस्तरा तर गेला.

दाढी वाढली म्हणून काही अडत नव्हतं. अडत होतं ते वेगळंच. अण्णांचा जीव कीर्तनात. बुवांनी चरण अर्धा सोडला की उरलेला यांच्या ओठांवर तयार. आणि दाढी-आंघोळ केल्याशिवाय हा माणूस देवाच्या दारी कधी बसला नव्हता. जवळच्या विठ्ठल मंदिरात सप्ताह सुरू झाला, पखवाज खिडकीतून घरात येऊ लागला, तसं अण्णांनी आपली खाट आतल्या खोलीत सरकवायला लावली. तेजस्विनीला ते सोसवेना. काल्याच्या कीर्तनाला अण्णा मंडपात दिसलेच पाहिजेत, असं तिने मनाशी धरलं आणि त्यांच्या ट्रंकेतून वस्तरा बाहेर काढला.

भद्रकालीतल्या नियाजभाईंचं फर्निचरचं दुकान तिच्या ओळखीचं. त्यांनी आधी हसून घेतलं. पार्लर चालेना का ताई, म्हणाले. मग एका जुन्या पलंगाच्या शिसवी पायातून दोन पातळ पट्ट्या कापून दिल्या, पितळी तार दिली, आणि बजावलं की गंज काढायला पातं मशीनच्या चाकावर धरू नका, तापलं की त्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही.

तिने रॉकेल आणि पॉलिश पेपर घेऊन हातानेच गंज काढला. पट्ट्या घासून गुळगुळीत केल्या, भोकं पाडली, तार ओवून टोकांवर हातोडीचे हलके टोले दिले. जुन्या मुठीच्या शेपटाशी, म्हणजे मागच्या टोकाला, दोन पट्ट्यांमधून शिशाचा एक चपटा तुकडा निघाला होता. ढिलं झालं म्हणून कुणी तरी ठासला असेल, असं समजून तिने तो केरात टाकला. पट्ट्यांच्या मधे फट राहावी हे तिच्या हाताला पटतच नव्हतं. दोन्ही पट्ट्या अगदी एकजीव बसवल्या आणि मोठ्या हौसेने वस्तरा मिटला.

करकर झाली. धार लाकडाला लागली आणि पात्याला बारीक खाच पडली.

आतल्या खोलीत अण्णांनी ते ऐकलं. "ऱ्हाऊ दे तेजू," ते म्हणाले. "मोडलं ते मोडलं."

तिने वस्तरा फडक्यात गुंडाळून ठेवला. संध्याकाळी एकटीच मंडपात जाऊन मागे बसली. तिचं लक्ष निरूपणाकडे नव्हतं, पांडुरंगाने क्षमा करावी. ते बुवांच्या हाताकडे होतं. अभंग थांबवून बुवा अर्थ सांगायला लागले होते आणि चिपळ्या तशाच हातात राहिल्या होत्या. एका टोकाशी मधे बोट अडकलेलं, म्हणून दुसऱ्या टोकाला दोन्ही लाकडांची तोंडं उघडी. बोट काढलं असतं तर लाकडाला लाकूड चिकटलं असतं. तो शिशाचा तुकडा म्हणजे हे बोट होतं.

तिला तिथून पळत सुटावंसं वाटलं. पण आरतीपर्यंत थांबली. कीर्तन अर्ध्यावर टाकून आली असती, तर अण्णांनी त्या वस्तऱ्याकडे बघितलंही नसतं.

मग तिने तारेची टोकं कानशीने घासून मूठ पुन्हा मोकळी केली. उरलेल्या शिसवीची, एकीकडे जाड नि एकीकडे निमुळती, छोटी पाचर केली, शेपटाशी बसवली आणि पुन्हा टोले दिले. खाच जाईपर्यंत पातं दगडावर फिरवत राहिली. मनगट भरून आलं, तरी फिरवत राहिली.

काल्याच्या सकाळी तिने वस्तरा अण्णांच्या खाटेवर ठेवला. त्यांनी डाव्या हाताने तो उघडला, मिटला. आवाज नाही. खिडकीकडे धरून पाहिलं, तर पातं दोन पट्ट्यांच्या मधोमध, कुठेही न टेकता.

"पाचर कशाची?"

"शिसवीची."

"माझ्या बापानं शिशाची घातली व्हती."

"ती मी केरात टाकली, अण्णा."

अण्णा हसले. आजारपणानंतर पहिल्यांदाच. मग त्यांनी वस्तरा स्वतःच्या गालाशी नेला. डाव्या हाताला पात्याचा कोन जमेना. त्यांनी तो खाली घेतला, बराच वेळ मुठीवरून अंगठा फिरवत राहिले, आणि म्हणाले, "चामडं आण."

चामड्याच्या पट्ट्याचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं तिने, आणि ती वस्तरा पाजळू लागली. पातं उलटताना पाठीवर उलट, धारेवर नको, एवढंच ते मधे एकदा म्हणाले. साबण लावून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"गळ्यापाशी श्वास धर," ते म्हणाले. "मी बी धरतो."

काल्याच्या कीर्तनाला पहिल्या रांगेत, खुर्चीवर, अण्णा बसले होते. हनुवटीखाली तुरटीचा पांढरा डाग होता. एका जागी लागलंच होतं. शेजारच्या साळूबाई वाकून विचारू लागल्या, एवढी गुळगुळीत दाढी कुठे करून घेतली म्हणून. अण्णांनी हातानेच त्यांना गप्प केलं, कारण बुवांनी चरण अर्धा सोडला होता.