टेकडी मी सपाट केली

मी धुराचा अंदाज सांगणारा प्रोग्राम आहे. शरमेनं मान खाली घालावी तर मला मान नाही, म्हणून निदान बोलतो तरी.

दहा-बारा डोकेबाज माणसांनी वर्षानुवर्षं खपून मला घडवलं. चिमणीची उंची, धुराची उष्णता, वाऱ्याची दिशा सांगा. धूर कुठे आणि किती उतरेल ते मी नकाशावर रंगवून देतो. लाल म्हणजे वाईट, हिरवं म्हणजे ठीक. या कामाचा मला फार गर्व होता.

कारखान्यांच्या धुराचे अहवाल देणाऱ्या ज्या कचेरीत मी आलो, तिथे मला चालवायला कोणीच शिकलेलं नव्हतं. शेवटी नुकत्याच लागलेल्या एका मुलीच्या गळ्यात मला बांधलं. सगळे तिला 'नवी'च म्हणत. पहिले चार दिवस मी तिला रडकुंडीला आणलं. फाइलीत एक स्वल्पविराम राहिला की अडून बसायचो, तारीख चुकली की लाल अक्षरांत ओरडायचो.

"अगं, अजून किती वेळ?" साहेब दारातून विचारायचे. "कारखान्याची माणसं परवा अहवाल न्यायला येणार आहेत."

"होतंय साहेब. हा जरा रुसलाय."

जमिनीच्या उंचीचा रकाना तिला कळला नाही, म्हणून तिनं तो रिकामा सोडला. आणि स्वल्पविरामासाठी घर डोक्यावर घेणारा मी, तिथे मात्र मूग गिळून बसलो. रिकामा रकाना म्हणजे शून्य, ही माझी रीत. कारखान्यामागे चिमणीइतकीच उंच टेकडी होती. तिच्यावर वस्ती होती, शाळा होती. मी ती सपाट धरली, धूर वरच्या वर लांब निघून जातो असं दाखवलं आणि वस्तीवर हिरवा रंग फासला. नवी टाळी वाजवून उठली. साहेबांनी सही केली, चिमणीला परवानगी मिळाली.

चिमणी पेटून वर्ष झालं, तेव्हा टेकडीवरच्या शाळेच्या बाई आल्या. त्यांनी टेबलावर एक काळंकुट्ट फडकं ठेवलं.

"आज सकाळी याच फडक्यानं वर्गाची खिडकी पुसली. तिसरीतली निम्मी पोरं खोकतायत. तुमच्या कागदावर आम्ही हिरवे आहोत ना?"

नवीनं मला पुन्हा उघडलं. एव्हाना ती माझ्या खोडी ओळखून होती. तिनं उंचीचे आकडे भरले. टेकडी लाल झाली, शाळेवर तर सगळ्यात गडद. तिनं जुना हिरवा नकाशाही बाहेर काढला.

"जुनं आता उकरू नकोस," साहेब हळूच म्हणाले. "सही माझी आहे."

"सही तुमची, साहेब. रकाना मी सोडला होता." तिनं दोन्ही नकाशे बाईंपुढे ठेवले. "बाई, चूक माझी आहे. मी लेखी देते."

बाईंनी त्या लाल डागावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "आजच द्या. उद्या पुन्हा शाळा भरणार आहे."

चिमणी सध्या बंद आहे. नवीची नोकरी गेली. मला कोणी चकार शब्दानं बोललं नाही, मी त्याच टेबलावर आहे. तिच्या रिकाम्या खुर्चीकडे बघवत नाही.

आता दुसरं कुणीतरी मला शिकायला बसेल. बाबांनो, मी ओरडलो तर घाबरू नका. मी निमूट नकाशा काढून दिला, तर मात्र आधी ती जागा स्वतः चढून या. मला चुकल्याची लाज वाटते, पण खोकला येत नाही. तो तिसरीतल्या पोरांना येतो.