बिनकुंकवाचं कडं

आकारामच्या कारखान्यात घडलेलं कडं रॉकेटात बसून आभाळात गेलं आणि अख्ख्या उद्यमनगरात पेढे वाटले. पण हे तुम्ही वाचलेलंच नाही असं समजा. कडं अजून कुठंही गेलेलं नाही. ब्याऐंशी सालातली खंडेनवमी आहे, कडं टेबलावर पांढऱ्या फडक्यावर बसलंय आणि ते घडवणारा बाबालाल त्याच्याकडं पाठ करून उभा आहे.

पाठ करायला कारण होतं. आधीची दोन कडी तपासणीत नापास झालेली. रॉकेटवाल्यांनी दिलेल्या धातूचा हा शेवटचा तुकडा. हेही गेलं तर काम दुसऱ्या गावाला जाणार, आणि बाबालालनं तर हातकणंगल्यापर्यंतच्या पावण्यांना सांगून ठेवलेलं, "आपलं कडं वर जाणार." घरी जरीना म्हणालेली, "आभाळाला कडं घालाय निघालायसा, बायकोच्या हातात एक बांगडी न्हाय!"

तपासायला केरळातून नंबियारसाहेब आले ते नेमके त्या दिवशी. यंत्रं धुऊन, झेंडूच्या माळा घालून बसलेली. मालक आकाराम म्हणाला, "साहेब, आज लेथचा देव झालाय. हात लावता येत न्हाय."

"लेथ नहीं, रिंग देखना है," साहेब म्हणाले.

मापं बरोबर आली. केसाच्या दहाव्या भागाचीही चूक चालत नव्हती, ती नव्हतीच. मग साहेबांनी कड्याला लाल रंग लावला, पुसला आणि वरून पांढरी पावडर फवारली. डोळ्याला न दिसणारी चीर असली तर तिच्यात दडलेला लाल रंग पांढऱ्यावर उमटतो. नाही उमटला तर कडं पास. त्याला थोडा वेळ लागतो, म्हणून आकाराम साहेबांना समोर मिसळ खायला घेऊन गेला. बाबालालला बघवेना. तो कॅलेंडरावरच्या ट्रॅक्टरकडं तोंड करून राहिला.

साहेब परतले, डोळ्यांत मिसळीचं पाणी. कड्याकडं बघून म्हणाले, "रिजेक्ट."

पांढऱ्यावर लाल ठिपके. पाच. एका रांगेत, सारख्या अंतरावर.

बाबालाल मटकन स्टुलावर बसला. आकारामनं वाकून बघितलं. "लेका, तुझ्या चिरासुद्धा मापात पडत्यात की."

साहेबांनी भिंग लावलं. मग एका ठिपक्यावर बोट फिरवून वास घेतला. "ये क्या है?"

"कुंकू," यंत्रांमागून आवाज आला. आकारामची आई अंबूबाई, हातात पूजेचं ताट. "सगळ्यांस्नी लावलं, ह्येलाच कसं ठेवायचं? चुना फासून एकटंच बसलंय, मला वाटलं नवा देव हाय."

"आक्का, देव न्हवं, तपासणी हाय ती!" बाबालाल जन्मात पहिल्यांदा तिच्यावर ओरडला.

"मग तपास की. मी कुठं नको म्हटलंय?"

साहेबांनी सगळं धुतलं. पुन्हा लाल, पुन्हा पांढरं. या खेपेला अंबूबाईला ताटासकट बाहेर बसवलं आणि बाबालालला कड्यासमोर. पांढरं पांढरंच राहिलं. साहेब भिंग घेऊन कड्याभोवती सुलटे फिरले, उलटे फिरले आणि बाबालालचा हात धरून हलवतच राहिले. आकारामनं भोंगा वाजवला. शेजारच्या फाउंड्रीतली माणसं आग लागली म्हणून बादल्या घेऊन धावली आणि कारण कळल्यावर पाणी वाया नको म्हणून बाबालालवर ओतलं. निथळत उभा असताना तो निदान वीतभर उंच झाला होता.

अंबूबाई मात्र दारात आडवी. "बिनकुंकवाचं जाऊ देणार न्हाय." शेवटी कड्याच्या पेटीला कुंकू लागलं. पेटी गेली. आणि पुढं तेच झालं, जे तुम्ही सुरुवातीला वाचलेलं नाही.

पुढच्या खंडेनवमीच्या आधी अंबूबाई म्हणाली, "बाबालाल, पेटीला लावलं रं. कड्याला ऱ्हायलंच की." बाबालालला ते पटलं. तो कोर्टासमोरच्या टायपिस्टाकडं गेला आणि रॉकेटच्या ऑफिसाला अर्ज धाडला:

"तरी सदर कडे खंडेनवमीनिमित्त एक दिवसाकरिता आमचेकडे परत पाठविण्याची कृपा व्हावी. पूजा आटोपताच स्वखर्चाने आभाळात पोचते करू. समुद्रात पडले असल्यास ओले चालेल."