संध्याच्या नावाचं ऑपरेशन

मोसंबीच्या बागेला पाणी सोडून कल्याण घरी आला, तर त्याची आई तुळजाबाई केव्हाची तयार. ठेवणीतलं लुगडं, हातात पिशवी, आणि चेहरा असा की जणू लग्न तिचंच आहे.

“जल्दी आटप रे. वडीगोद्रीचे पाहुणे वाट बघून राह्यले असतील. अन् तो करडा शर्ट नको घालू, उदास दिसतोस त्याच्यात.”

मुलगी बघायला जायचं होतं. आता मुलगी म्हणायचं ते रीत म्हणून. शालू तिशी ओलांडलेली बाई, आणि कल्याण चाळिशीला टेकलेला बिजवर, दोन पोरींचा बाप. त्याची बायको संध्या दोन वर्षांमागं डेंगूच्या तापात गेली. या आठवड्यात कपाशी वेचत होती, पुढच्या आठवड्यात नव्हती. शालूची फारकत झालेली. सहा वर्षं नांदली, लेकरू झालं नाही, म्हणून सासरच्यांनी तिला चुलत्याच्या दारात आणून सोडलं. अशीही माणसं असतात, काय करता!

पण तुळजाबाई कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिनं आधी सगळी चौकशी केली होती. “त्या मुडद्यानं दुसरी केली, तिलाबी काही न्हाई. मंग खोट कोणात? पोरगी बिलकुल चांगली हाय. आपल्या घरी आली की वर्षात पाळणा हलतो बघ. दोन नाती सोन्यासारख्या हायेत, पण नातू बघितल्याबिगर मी काही मरत न्हाई.”

शर्टाचं बटण लावता लावता कल्याणचा हात थांबला. पाळणा हलणार नव्हता. वर्षातही नाही आणि दहा वर्षांतही नाही. गावाला, भावकीला आणि खुद्द तुळजाबाईला जे ऑपरेशन संध्याचं म्हणून माहीत होतं, ते कल्याणचं होतं. घरात हे दोघांनाच ठाऊक, आणि त्यातली एक आता नव्हती. आज तोंड उघडलं नाही तर चार वर्षांनी त्या शालूला पुन्हा तेच ऐकावं लागणार, वांझ म्हणून, आणि तेही कल्याणच्याच घरात. उघडावं तर संध्याला दिलेला शब्द मोडत होता. आठ दिवस झाले, त्याला धड जेवण जात नव्हतं.

मोटारसायकलवर मागं बसून तुळजाबाई सगळ्या रस्त्यानं बोलत होती. कल्याण नुसतं हं हं करत होता. डोक्यात मात्र धाकटीच्या जन्माचं वर्ष फिरत होतं.

धाकटीच्या वेळीही सिझर झालं. त्यातच संध्याचं ऑपरेशन उरकून घ्यायचं ठरलं होतं, पण ऐन वेळी तिचं बीपी पडलं आणि डॉक्टरांनी घाईनं शिवून बाहेर काढलं. तिसरं लेकरू नको, जिवावर बेतेल, असं बजावलं. तुळजाबाईला दोन पोरींवर थांबणं बिलकुल मान्य नव्हतं. चार दिवस तिनं अबोला धरला, मग म्हणाली, “करा बाबा तिचं ऑपरेशन. माणूस राह्यलं पाहिजे आधी.”

सहा महिन्यांनी दोघं अंबडच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी संध्याचे कागद बघितले, तिच्या पापण्या ओढून बघितल्या, आणि चष्म्यावरून कल्याणकडं बघितलं.

“हिच्या अंगात रक्त किती आहे माहितेय? पोट हिचंच किती वेळा फाडायचं? तुम्ही आहात की. पुरुषांचं पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं. टाकासुद्धा पडत नाही. संध्याकाळी घरी.”

कल्याणला दरदरून घाम फुटला. सीझनमध्ये तो ट्रॅक्टरनं ऊस घेऊन अंकुशनगरच्या साखर कारखान्यावर जायचा. तिथं रांगेत थांबलेल्या गड्यांच्या गप्पा त्यानं ऐकल्या होत्या. नसबंदी केलेला गडी म्हणजे बडवलेला बैल, असं सगळे खिदळत म्हणायचे, आणि त्यांच्यात तोही खिदळायचा. त्यानं मान खाली घालून डॉक्टरीणबाईंना तेच विचारलं. बाई हसल्या. “अहो, बडवत नाहीत. बी वाहून नेणारी बारीक नस असते, ती बांधून तोडतात. बाकी सगळं जिथल्या तिथं राहतं. मात्र कायमचं आहे, मागं फिरायचं नाही, हे समजून करा.”

बाहेरच्या बाकावर संध्या त्याचा हात धरून बसली. “तुमचं नका करू. आत्याबाईला काय तोंड दाखवायचं? माझंच होऊ द्या, होईल सहन.” कल्याणनं तिच्या हाताकडं बघितलं. नखं पांढरीफटक पडली होती. नारळाच्या पाण्यासारखी बाई होती ती, स्वच्छ आणि गोड, आणि स्वतःच्या जिवाची तिला काडीची किंमत नव्हती. त्याला एकदम तिचा रागच आला. “गप बस,” म्हणाला आणि कागदावर सही करून आत गेला.

परतीच्या एसटीत तो पाय फाकून बसलेला, आणि शेजारी संध्या तोंडाला पदर लावून हसत होती. “माझंच झालं म्हणून सांगू,” ती म्हणाली. “सिस्टरकडून पट्टी मागून घेतलीय मी.” अहो, काय म्हणावं ह्या बाईला! त्याला हसू येत होतं आणि हसलं की दुखत होतं.

घरी तुळजाबाईनं आधीच बाज टाकून ठेवली होती. गरम पाणी, शेगडी, डिंकाचे लाडू, सगळं जय्यत. संध्याच्या कानाला फडकं बांधलं, अंगावर घोंगडी टाकली, तिला बाळंतिणीसारखं बाजेवर निजवलं. टाके बघते म्हणाली, तर संध्या म्हणे, “हवा लागू देऊ नका म्हणून डॉक्टरनं सांगितलंय, आत्याबाई.” आणि खरा पेशंट लंगोट घट्ट आवळून अंगणात उभा.

त्याला आठवडाभर जड उचलायचं नव्हतं. पण हे आईला कसं सांगणार? दुसऱ्याच दिवशी तुळजाबाई म्हणाली, “कल्याण, तेवढं पेंडीचं पोतं गोठ्यात नेऊन टाक.” कल्याण पोत्याकडं नुसता बघत राहिला. तेवढ्यात घरातून आवाज आला, “अगं आई गं! मेले! आत्याबाई, धावा!” तुळजाबाई पोतं-बितं विसरून आत पळाली. नंतर तर ते रोजचंच झालं. कल्याणला जड काम सांगितलं रे सांगितलं की बाजेवरून किंकाळी आलीच. तुळजाबाई गावभर सांगत सुटली, सुनेला लई त्रास होऊन राह्यला म्हणून. आणि तिची पाठ वळली की संध्या पदराखालून अर्धा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवायची. तो चोरासारखा गोठ्यामागं जाऊन खायचा.

असं सुख त्या घरात आधी कधी नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुळजाबाईनं सुनेला ‘अगं ये’ शिवाय हाक मारली नव्हती. आता तीच तिच्या पायाला तेल लावत बसायची, केस विंचरायची, आपल्या माहेरच्या गोष्टी सांगायची. एका संध्याकाळी कल्याण आत आला तर संध्या भिंतीकडं तोंड करून रडत होती.

“दुखतंय का?” त्यानं विचारलं, आणि स्वतःच चमकला, कारण दुखायचं तर त्याला होतं.

“आपण लबाड आहोत,” ती म्हणाली. “त्या इतकं करून राह्यल्या.”

“मंग सांगू का तिला?”

“नका. बिलकुल नका.” तिनं डोळे पुसले. “मला आई आठवत न्हाई हो. माझ्या पायाला आजवर कोणी हात लावला नव्हता. कधीच सांगू नका त्यांना. शपथ घ्या माझी.”

त्यानं शपथ घेतली. तीन महिन्यांनी मोसंबीचा भाव बघून येतो म्हणून जालन्याला जाऊन तपासणी करून आला, सगळं बराबर निघालं. त्याच सीझनला त्यानं नेहमीपेक्षा जास्त ऊस ओढला, ताकद-बिकद काही गेली नाही. पुन्हा दिवस जातील ही संध्याच्या मनातली धास्ती गेली आणि बाई खुलली. रंग आला, गाल भरले, स्वयंपाक करता करता गुणगुणायला लागली. पाच वर्षं कशी गेली कळलं नाही. परत मिळणार असतील तर कल्याणनं त्या पाच वर्षांवर सगळी बाग ओवाळून टाकली असती.

वडीगोद्रीत हमरस्त्याला लागूनच शालूचे चुलते तातेराव यांचं किराणा दुकान, मागं घर. तातेराव तोंडभर बोलणारा माणूस. पोहे झाले, शालू येऊन चहा देऊन गेली. उंच, सावळी, मान खाली. जाताना तिनं एकदाच कल्याणकडं बघितलं. त्या नजरेत आशा होती आणि भीतीही, आणि कल्याणला ती नजर झेपली नाही.

“हे बघा, लपवायचं काही न्हाई,” तातेराव म्हणाले. “पोरीला लेकरू न्हाई झालं म्हणून त्यांनी सोडली. दवाखान्याचा खर्चा सगळा आम्हीच केला. पोरगी निर्दोष हाय.”

“अहो, आम्हाला काय सांगता!” तुळजाबाई पुढं सरकली. “आमची सून दोन लेकरांवर ऑपरेशन करून बसली, न्हाई तर आज घरात नातू असता. माझा पोरगा धडधाकट हाय. पुढच्या दिवाळीला तुमच्या पोरीची ओटी भरायला या तुम्ही!”

सगळे हसले. आतल्या दाराशी पडदा हलला. शालू ऐकत होती. कल्याणनं बशी खाली ठेवली. मनात म्हणाला, संध्ये, माफ कर.

“माय, संध्याचं ऑपरेशन झालंच नव्हतं,” तो म्हणाला. “माझं झाल्तं.”

कोणाला काही कळेना. तुळजाबाई म्हणाली, “काय बोलून राह्यला तू? आठ दिवस मी शेकलंय तिला.”

“तिच्या अंगात रक्त नव्हतं माय. डॉक्टर म्हणल्या, तुमचं करा. मी केलं. तुला पटायचं न्हाई म्हणून तिचं सांगितलं.” मग तो तातेरावांकडं वळला. “मला आता लेकरू होणार न्हाई. तुमच्या पोरीला आमच्याकडं दिली अन् पाळणा न्हाई हलला, तर ते माझ्यामुळं. तिच्यामुळं न्हाई.”

“अरे, मंग हे आधी सांगायचं!” तातेरावांचा आवाज चढला. “परत जोडता येती म्हणतेत ती नस?”

“जोडली तरी होईलच असं न्हाई. अन् मला जोडायची न्हाई.” हे तो एवढ्या ठामपणानं बोलला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. ते त्यानं संध्यासाठी केलं होतं. पोरगा व्हावा म्हणून ते उसवायला त्याचा हात धजला नसता.

“उठा मंग,” तातेराव म्हणाले. “झालं आपलं.”

“काका, बसा.” पडदा सारून शालू बाहेर आली. आता तिची मान वर होती. “सहा वर्षं दवाखाने माझे झाले. त्यांनी एकदा तपासून घेतलं न्हाई. माझ्यामुळं हाय, असं म्हणणारा माणूस मी आज पहिल्यांदा पाहिला. मला लेकरू पाहिजे होतं, खोटं कामून बोलू? पण ह्यांच्या दोन पोरी हायेत. मला हे घर चालतंय.” मग ती तुळजाबाईसमोर जाऊन उभी राहिली. “मावशी, तुमचं सांगा. उद्या मला बोल लावणार का?”

तुळजाबाईचं तिकडं लक्षच नव्हतं. ती कल्याणलाच विचारत होती, “म्हणजे तिला काही झालं नव्हतं, अन् मी तेल लावत बसले?”

“हां माय. रडायची ती. माझ्या पायाला कोणी हात लावला न्हाई म्हणायची. तुला सांगू नका म्हणून शपथ घातली होती तिनं.”

आता तुळजाबाई कडाडणार, असं वाटून कल्याणनं खाली बघितलं. पण ती रडत होती. दोन वर्षांमागं सून गेली तेव्हाही एवढी रडली नव्हती.

“बरं झालं खोटं बोलली,” ती म्हणाली. “खरं सांगितलं असतं, तर मी कशाला तिच्या पायाला हात लावला असता? तेवढंच झालं बाई माझ्याकडून तिचं.”

तिनं पदरानं तोंड पुसलं, शालूचं मनगट धरलं आणि तिला जवळ बसवून घेतलं. “गावात तुला कोणी लेकराचं विचारलं, तर तू उत्तर देऊ नको. माझ्याकडं धाडून दे. मी सांगते त्यांना, ऑपरेशन माझ्या पोराचं झालंय म्हणून.”