बारापर्यंतची खाट

सांगितलं तर मला वेड्यात काढाल, पण माझ्या मेहुण्यांच्या एका श्वासानं पार दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरचा चष्मा उडाला होता. हे समोर पेपर वाचत लोळतायत ना, तेच मेहुणे.

तेव्हा न्यूमोनियानं ते खाटेला खिळले होते. नाकात प्राणवायूची नळी. ती निघाली की ओठ निळे. आता खाटेचे पैसे भरणार आरोग्य योजना, आणि तिचे तपासनीस रोज सकाळी वॉर्डातल्या नोंदी वाचून ठरवणार की पेशंटला खाट हवी की नको. वॉर्डातला डॉक्टर बिचारा भला. पेशंटला धीर यावा म्हणून मोठ्यानं बोलत लिहायचा, ‘तब्येत उत्तम’. तपासनिसांनी ते वाचलं आणि कळवून टाकलं की उत्तम असेल तर घरी न्या, मंजुरी आज बारापर्यंत.

माझी धाकटी बहीण पांढरीफटक पडली. घरी कुठली नळी आणि कुठलं यंत्र! वाट एकच उरली होती. बाराच्या आत योजनेच्या मोठ्या डॉक्टरांचा फोन येणार, त्यावर आपल्या डॉक्टरनं त्यांना पटवायचं. आणि आपला डॉक्टर ऑपरेशनमध्ये अडकलेला. नर्स तिकडे डोकावून आली ती मान हलवतच.

फोन वाजला. मी उचलला, घसा खाकरला आणि डॉक्टर झालो. पलीकडचे साहेब थंडपणे म्हणाले, उत्तम असं तुम्हीच लिहिलंय. मी म्हटलं, लिहिलेलं सोडा, श्वास ऐका. फोन धरला मेहुण्यांच्या तोंडाशी. त्यांनी जो श्वास सोडला म्हणता! साहेबांच्या टेबलावरचे कागद छताला चिकटले, चष्मा खिडकीबाहेर, चहा आणणारा शिपाई दारातच आडवा. साहेब गयावया करायला लागले की ठेवा हो, हवे तितके दिवस ठेवा, पण त्यांना आवरा...

“दादा, श्वास होता कुठे त्यांच्याकडे सोडायला?” धाकटी म्हणाली. “आणि साहेब कुठले, बाई होत्या त्या. फोन मी घेतला होता. तू बाहेर बाकावर डोकं धरून बसला होतास.”

मेहुण्यांनी पेपर खाली घेतला.

“त्या ऐकेचनात. मग मी ह्यांची नळी काढली. यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा उतरत होता, तो त्यांना वाचून दाखवत राहिले. ‘लावा परत, मंजूर करते’ असं त्या म्हणेपर्यंत.”